साप्ताहिक तोरावाचन आणि यहूदी स्त्रियांचे चिंतन

यरुशलेम येथील सभेत याकोबाने जे भाषण केले, त्याच्या शेवटी तो एक गोष्ट सहज सांगून जातो. मोशेचे ग्रंथ पुरातन काळापासून नगरोनगरी प्रत्येक शब्बाथ दिवशी सभास्थानांतून वाचले जातात, असे तो म्हणतो (प्रे. कृ. १५:२१). पिसिदियातील अंत्युखियात पौलाला बोलण्याची संधी मिळाली ती नियमशास्त्र व संदेष्टे यांच्या वाचनानंतर (१३:१५). नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूच्या हाती यशयाचा ग्रंथपट देण्यात आला, तोही अशाच उपासनेत. हे उतारे आपण मंडळीत वारंवार शिकवतो. परंतु ते वाचन आजही अखंड चालू आहे, त्याची एक निश्चित शिस्त आहे, आणि गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत त्या वाचनावर यहूदी स्त्रियांनी फार मोलाचे चिंतन केले आहे, याची जाणीव आपल्या पाळकांना व धर्मशिक्षकांना क्वचितच असते. प्रस्तुत लेखाचा हेतू हा परिचय करून देण्याचा आहे.

प्रथम ती शिस्त पाहू. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग पाडलेले असून प्रत्येक भागास ‘पाराशा’ म्हणतात. दर शब्बाथाला एक भाग, आणि काही वर्षी दोन भाग जोडून, अशा रीतीने एका वर्षात उत्पत्तीपासून अनुवादापर्यंत सर्व तोरा वाचून पुरी होते. शरद ऋतूतील मांडवांच्या सणानंतर ‘सिम्हाथ तोरा’ म्हणजे तोरेच्या आनंदाचा दिवस येतो. त्या दिवशी अनुवादाचा शेवटचा अध्याय संपताच उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा आरंभिला जातो. प्राचीन काळी पॅलेस्टाइनमध्ये सुमारे तीन वर्षांचा क्रम होता. पुढे बाबेलच्या यहूद्यांचा एक वर्षाचा क्रम सर्वत्र रूढ झाला. शब्बाथाच्या सकाळी सात जणांना एकामागून एक वाचनासाठी पाचारण केले जाते आणि शेवटी संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील एक उतारा, ज्याला ‘हफ्तारा’ म्हणतात, तो वाचला जातो.

या व्यवस्थेतील कळीची गोष्ट अशी की, वाचकाला निवडीचे स्वातंत्र्य नाही. वंशावळ्या, कोडाचे नियम, निवासमंडपाच्या फळ्या व आकडे, युद्धांतील संहार, सर्व काही आपापल्या आठवड्यात समोर येते आणि त्यावर काही बोलावेच लागते. आपल्या पाठसंग्रहांची रीत निराळी आहे. त्यांत निवड असते, आणि निवड म्हटली की काही तरी वगळणे आलेच. उदाहरणार्थ, रोमन कॅथलिक पाठसंग्रहात सामान्य दिवसांच्या पंधराव्या आठवड्यातील सोमवारी, विषम वर्षी, निर्गमाचा पहिला अध्याय येतो. परंतु चौदाव्या वचनानंतर वाचन एकदम बाविसाव्या वचनावर जाते. मधल्या सात वचनांत शिप्रा व पुवा या दोन सुइणी आहेत. ही वचने कोणी द्वेषाने गाळली असे मला म्हणावयाचे नाही. पण फारोला प्रथम नकार देणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी मंडळीच्या कानी पडत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

आता या वाचनात स्त्रियांचे स्थान काय होते? तलमुदातील ‘मगिल्ला’ या प्रकरणात असा नियम नोंदला आहे की, सात वाचकांच्या संख्येत कोणीही चालेल, स्त्रीही चालेल; परंतु लगेच पुढे ज्ञात्यांचे मत दिले आहे की, सभेच्या मानमर्यादेस्तव स्त्रीने वाचू नये. म्हणजे मूळ पात्रता मान्य करून लोकलज्जेसाठी ती बाजूला ठेवली गेली. दुसऱ्या एका स्थळी, सातव्या वर्षी सर्व इस्राएलाने एकत्र जमून नियमशास्त्र ऐकावे या आज्ञेविषयी (अनु. ३१:१२) बोलताना रब्बी एलाजार बेन अजऱ्या म्हणतात की, पुरुष शिकावयास येतात व स्त्रिया ऐकावयास येतात. शिकणे व ऐकणे यांतील हे अंतर पुढे शतकानुशतके टिकले.

मुलीला तोरा शिकवावी की नाही, हा वाद तर मिश्नेतच आहे. बेन अजाई म्हणतात, बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. रब्बी एलियेजर म्हणतात, जो शिकवतो तो तिला जणू स्वैरपणाच शिकवतो. हा वाद कोणत्या संदर्भात उद्भवला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गणना ५ मध्ये संशयित पत्नीला कडू पाणी पाजण्याचा जो विधी सांगितला आहे, त्याच्या चर्चेत तो आलेला आहे. ज्या उताऱ्यात स्त्री सर्वांत असहाय दिसते, त्याच उताऱ्याच्या पोटी तिच्या शिक्षणाचा प्रश्न निघावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. (तो विधी रब्बान योहानान बेन जक्काई यांनी पहिल्या शतकातच बंद केला, असे मिश्नेतच नमूद आहे, आपल्याकडील प्रवचनांतून हे सहसा सांगितले जात नाही.)

तथापि शिकलेल्या स्त्रिया अगदीच नव्हत्या असे नाही. दुसऱ्या शतकातील रब्बी मेईर यांची पत्नी बरुऱ्या हिची एक कथा तलमुदात आहे. शेजारच्या गुंडांनी छळ मांडल्यामुळे रब्बी त्यांच्या मरणासाठी प्रार्थना करू लागले. तेव्हा तिने त्यांना स्तोत्र १०४ च्या शेवटच्या वचनाकडे पाहावयास सांगितले. तेथील हिब्रू शब्द ‘पापी’ असा न घेता ‘पापे’ असा घ्यावा. पापे नाहीशी झाली म्हणजे दुष्टही उरत नाहीत. तेव्हा त्यांच्या पश्चात्तापासाठी प्रार्थना करा, असे तिने सुचवले. त्यांनी तशी प्रार्थना केली व ते लोक वळले, असे कथा सांगते. आज ज्याला आपण शास्त्रार्थ म्हणू, तोच हा. आणि तो घरच्या अडचणीतून निघालेला आहे.

मध्ययुगानंतर पूर्व युरोपातील स्त्रियांना हिब्रू येत नसे. त्यांची भाषा यिद्दिश. त्यांच्यासाठी यानोव्ह येथील याकोब बेन इसहाक अश्कनाजी यांनी ‘त्सेने-रेने’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव गीतरत्न ३:११ मधील सीयोनकन्यांना केलेल्या आवाहनावरून घेतलेले आहे, आणि त्याची मांडणी साप्ताहिक पाठांनुसार आहे. त्याची सर्वांत जुनी उपलब्ध आवृत्ती १६२२ सालची असून पुढे दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या. शब्बाथाच्या दुपारी घराघरांतून आई तो मोठ्याने वाची व मुली ऐकत. मात्र लेखक पुरुष होता. स्त्रीने स्वतः लिहिलेला यिद्दिश भाषेतील पहिला छापील ग्रंथ रिव्का बात मेईर यांचा. तो १६०९ मध्ये प्राग येथे प्रसिद्ध झाला. याशिवाय ‘त्खिने’ नावाच्या स्त्रियांच्या प्रार्थना होत्या. दिवे लावताना, पीठ मळताना, बाळंतपणाच्या वेळी म्हणावयाच्या या प्रार्थनांतून सारा, रिबका, राहेल, लेआ व हन्ना यांना नावाने स्मरले जाई. तोरेवरील स्त्रियांचे वैयक्तिक चिंतन प्रथम या प्रार्थनांतच शोधावे लागते.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले, आणि त्या पालटात एका शिक्षिकेचा वाटा फार मोठा आहे. नेहामा लाइबोविट्झ यांचा जन्म १९०५ मध्ये रिगा येथे झाला. जर्मनीत शिक्षण पुरे करून १९३० मध्ये त्या पॅलेस्टाइनला गेल्या व यरुशलेमेत शिकवू लागल्या. १९४२ मध्ये अभ्यासवर्गातील काही स्त्रियांच्या मागणीवरून त्यांनी प्रत्येक आठवड्याच्या पाठावर प्रश्नांचा एक कागद काढून टपालाने पाठवण्यास आरंभ केला. ‘गिल्योनोथ’ म्हणजे पत्रके या नावाने ते ओळखले जातात. उत्तरे परत येत. त्या लाल शाईने तपासून ती पुन्हा पाठवीत. हा उद्योग सुमारे तीस वर्षे, १९७१ पर्यंत चालला. शेतकरी, सैनिक, परिचारिका, शिक्षक असे सर्व थरांतील लोक त्यांचे विद्यार्थी होते. १९५६ मध्ये त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे थडग्यावर नावासोबत एकच पदवी कोरली गेली, ‘मोरा’, म्हणजे शिक्षिका. स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी त्यांनी स्वतःला कधी जोडून घेतले नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्यांची पद्धत प्रश्नाची होती. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी एखाद्या वचनावर टीप दिली असेल, तर त्या विचारीत, राशीला येथे अडचण कोणती वाटली? उत्तराआधी अडचण शोधावयाची. या रीतीने वाचणारा भाष्यकारांना केवळ प्रमाण मानीत नाही. तो त्यांच्या चर्चेत सामील होतो.

शिप्रा व पुवा यांचेच उदाहरण घेऊ. आपल्या मराठी शास्त्रात त्यांना इब्री सुइणी म्हटले आहे. पण मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इब्री असलेल्या सुइणी’ असाही होतो आणि ‘इब्री स्त्रियांच्या सुइणी’ असाही होतो. दुसरा अर्थ घेतला तर त्या स्वतः मिसरी असू शकतात, आणि काही जुन्या भाष्यकारांनी तसेच मानले आहे. लाइबोविट्झ यांनी दोन्ही मते समोर ठेवली आणि मग तोरेत ‘देवाचे भय’ हे शब्द परराष्ट्रीयांविषयी कोठे कोठे आले आहेत ते तपासले. गरारात आपल्या पत्नीपायी आपला घात होईल असे अब्राहामाला वाटले, ते त्या ठिकाणी देवाचे भय नाही म्हणून (उत्प. २०:११). अमालेकाने मागे राहिलेल्या थकल्याभागल्यांना मारले, कारण त्याला देवाचे भय नव्हते (अनु. २५:१८). आणि सुइणींना देवाचे भय होते म्हणून त्यांनी मुलगे जिवंत ठेवले. या सर्व स्थळी देवाचे भय ओळखावयाची खूण एकच दिसते. जो परका आहे, दुबळा आहे, ज्याच्या बाजूने कोणी उभे नाही, त्याच्याशी मनुष्य कसा वागतो, ही ती खूण. सुइणी मिसरी होत्या असे मानले, तर ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही अशांच्या लेकरांसाठी त्यांनी राजाज्ञा मोडली असे होते, आणि कथेचे वजन वाढते. मला स्वतःला हा दुसरा अर्थ अधिक पटतो. परंतु व्याकरण दोहोंनाही वाव देते, हे वर्गात प्रामाणिकपणे सांगावे.

दुसरे उदाहरण आपल्या पाळकीय कार्याला अधिक जवळचे आहे. उत्पत्ती ३० मध्ये राहेल याकोबाला म्हणते की, मला मुले नसतील तर माझे जगणे संपले. याकोब संतापतो आणि मी काय देवाच्या ठिकाणी आहे, असा उलट प्रश्न करतो. पंधराव्या शतकातील स्पेनमधील भाष्यकार इसहाक अरामा यांचा अर्थ लाइबोविट्झ यांनी पुढे आणला. उत्पत्तीत पहिल्या स्त्रीला दोन नावे आहेत. ‘ईश’ या शब्दावरून ‘इश्शा’ (२:२३), म्हणजे पुरुषाप्रमाणेच जाणणारी, धर्माचरण करणारी व्यक्ती. आणि ‘हव्वा’ (३:२०), म्हणजे सर्व जिवंतांची माता. दुसरे कार्य नाकारले गेले तरी पहिले जात नाही. राहेल ते विसरली म्हणून याकोब रागावला, असे अरामा म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाने हे लिहावे हे खरोखर विलक्षण होय. परंतु त्याच्याशेजारी प्राचीन मिद्राशातील दुसरा सूर आहे. तेथे देव याकोबालाच विचारतो की, पीडितांना असे उत्तर देतात काय? तुझे पुत्र एके दिवशी हिच्या पुत्रापुढे उभे राहतील. आणि खरोखर, उत्पत्ती ५०:१९ मध्ये राहेलचा पुत्र योसेफ आपल्या भयभीत भावांना जवळजवळ त्याच शब्दांत उत्तर देतो. पण त्याच्या मुखी ते शब्द धीर देण्यासाठी येतात. बापाने जे वाक्य रागाने म्हटले, तेच मुलाने करुणेने म्हटले. ज्या मंडळीत अपत्यहीन स्त्रीला बारशाला बोलावताना लोक आजही चाचरतात, तेथील पाळकाला हे दोन्ही अर्थ ठाऊक असावेत; आणि त्यांपैकी पहिला तिला एकांतात ऐकवण्यापूर्वी त्याने दुसरा स्वतःला ऐकवावा.

लाइबोविट्झ यांच्यानंतरच्या पिढीत स्त्रियांचा स्वर अधिक उघडपणे वैयक्तिक झाला. जर्मनीत रगीना योनास यांना १९३५ मध्ये रब्बीपदाची दीक्षा मिळाली होती, पण १९४४ मध्ये आउश्विट्झ येथे त्यांचा अंत झाला आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे नावही मागे पडले. अमेरिकेत सॅली प्रीसँड १९७२ मध्ये व एमी आइलबर्ग १९८५ मध्ये रब्बी झाल्या. दर आठवड्याला व्यासपीठावरून पाठावर बोलण्याची जबाबदारी स्त्रियांवर येताच, त्या भाषणांतून ग्रंथ निर्माण होणे स्वाभाविक होते. एलिस गोल्डस्टीन यांनी २००० मध्ये चोपन्नही पाठांवरील स्त्री-रब्बींचे लेख संपादित केले. तमारा कोहन एस्केनाझी व अँड्रिया वाइस यांनी संपादित केलेले मोठे भाष्य २००८ चे. त्याची प्रेरणा सेरा सेगर या उपासनागायिकेने १९९३ मध्ये केलेल्या एका आवाहनात होती. त्यात प्रत्येक पाठाखाली मुख्य भाष्य, त्याला जोड देणारे दुसरे मत, रब्बीकालीन अर्थ, आजच्या एका स्त्रीचे मनन आणि शेवटी कविता, असा क्रम आहे. विद्वत्ता व अनुभव यांना एकाच पानावर जागा देण्याची ही योजना अनुकरणीय वाटते.

यरुशलेमेत शिकवणाऱ्या आविवा गॉटलिब झॉर्नबर्ग यांचा १९९५ चा उत्पत्तीवरील ग्रंथही साप्ताहिक पाठांनुसारच रचलेला आहे. इंग्रजी साहित्य व मानसशास्त्र यांच्या आधारे त्या मिद्राश वाचतात. त्यांचे लेखन कठीण आहे, आणि खेड्यातील धर्मशिक्षकाला ते जसेच्या तसे उपयोगी पडेल असे नाही. पण एका पाठावरील त्यांचे विवेचन मनात राहते. ‘साराचे जीवन’ हे ज्या पाठाचे नाव, तो तिच्या मृत्यूने सुरू होतो (उत्प. २३). आदल्या आठवड्याचा पाठ इसहाकाच्या अर्पणाने संपलेला असतो. अब्राहाम बैर-शेब्यास परतला, आणि सारा मेली ती हेब्रोनात. म्हणून तो तेथे शोक करावयास ‘आला’. रब्बींनी या दोन घटना जोडल्या आणि मुलाविषयीची ती वार्ता ऐकून साराचा प्राण गेला असे म्हटले. झॉर्नबर्ग विचारतात की, मुलगा वाचला आहे, तरी आईला भोवळ का यावी? तो थोडक्यात वाचला, न वाचणेही तितकेच शक्य होते, या जाणिवेने पायाखालची भूमी सरकते; ही जाणीव मोरिया डोंगरावरील विजयाने पुसली जात नाही. आपण उत्पत्ती २२ वर प्रवचन करतो तेव्हा अब्राहामाच्या विश्वासाशी थांबतो. पाठ क्रमाने वाचणाऱ्याला पुढच्या आठवड्यात कबरेच्या जमिनीचा व्यवहार वाचावाच लागतो.

सर्वच चिंतन असे सौम्य नाही. ज्युडिथ प्लॅस्को यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात निर्गम १९:१५ वर बोट ठेवले. सीनाय पर्वतापाशी करार होण्यापूर्वी मोशे ‘लोकांना’ सांगतो की, स्त्रीजवळ जाऊ नका. म्हणजे ज्यांना तो ‘लोक’ म्हणतो, ते पुरुषच. हा उतारा वर्षाच्या क्रमात व पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पुन्हा वाचला जातो, आणि प्रत्येक वेळी सभेतील स्त्री स्वतःला दुसऱ्यांचे संभाषण ऐकत असलेली आढळते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दहाव्या व अकराव्या वचनांतील देवाच्या आज्ञेत शुद्ध होणे व वस्त्रे धुणे एवढेच आहे. स्त्रीविषयीचे शब्द मोशेच्या मुखी आहेत.

लेवीय १२ चे तसेच. मुलगा झाल्यास चाळीस दिवस व मुलगी झाल्यास ऐंशी दिवस मातेने वेगळे राहावे, हा नियम वाचून कोणाला विसाव्याची आठवण होते, कोणाला अपमानाची. दोन्ही प्रकारची मनने या स्त्रियांनी लिहिली आहेत. मरीयेने कबुतरांची जोडी अर्पिली ती याच अध्यायानुसार (लूक २:२२-२४), हे आपण जाणतो; पण तो अध्याय मंडळीत उघडून वाचल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, यांची कथा (गणना २७) तेरा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलींना आपल्या पहिल्या तोराभाषणासाठी अर्थातच प्रिय आहे. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का पुसावे, असा त्यांचा दावा होता व देवाने तो मान्य केला. मोशेच्या डोळ्यांना जे दिसले नाही ते त्यांच्या डोळ्यांना दिसले, असे राशी म्हणतात. परंतु काही आठवड्यांतच गणनेचा शेवटचा अध्याय येतो. तेथे त्याच मुलींनी आपल्या वंशातच विवाह करावा असे बंधन पडते, कारण जमीन बाहेर जाऊ नये. जी मुलगी फक्त पहिला उतारा वाचून थांबते तिला अर्धीच कथा कळते.

या विषयाचा मराठीशी संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचे पहिले सभास्थान मुंबईत १७९६ मध्ये उभे राहिले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, त्याचा लाभ या समाजाने घेतला; मिशनऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे धर्मांतर मात्र फारसे झाले नाही, उलट ते आपल्या तोरेशी अधिक जोडले गेले. १८८० च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तने होऊ लागली, आणि शास्त्रातील कथांवरची मराठी गीते स्त्रियांनी घरात व सणासमारंभांत जपली. डॉ. जेरुशा झिराड या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या असता त्यांचा लिली माँटेग्यू यांच्याशी परिचय झाला. या माँटेग्यूबाईंनी १९१८ मध्ये लंडनच्या उदारमतवादी सभास्थानात प्रवचन केले होते. परत आल्यावर डॉ. झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. स्त्रीने व्यासपीठावरून तोरेवर बोलण्याची कल्पना अशा रीतीने आपल्या भूमीतही एका मराठी घरातून आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातून पोहोचली.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. या स्त्रियांचे लेख हाती आले की, ख्रिस्ती उपदेशकाला एक मोह होतो: पाहा, यहूदी धर्म स्त्रियांना असा वागवी, आणि प्रभूने त्यांना मुक्त केले. प्लॅस्को यांनी १९७८ मध्येच या प्रवृत्तीवर लेख लिहिला. ख्रिस्ती स्त्रीवादी लेखिका येशूचे तेज वाढवण्यासाठी त्याची पार्श्वभूमी काळी रंगवतात, आणि त्यासाठी रब्बींची सर्वांत कठोर वचने निवडून येशूच्या सर्वोत्तम वचनांशी त्यांची तुलना करतात, हा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त आहे. मग बेन अजाई, बरुऱ्या यांचे काय? आणि आपल्या मंडळ्यांतून स्त्रीने शास्त्रपाठ वाचण्यास किती वर्षे लागली, हेही आपण जाणतो. बर्नाडेट ब्रूटेन यांनी १९८२ मध्ये प्राचीन शिलालेख एकत्र करून दाखवले की, काही स्त्रियांना सभास्थानाचे अधिकारी म्हणून पदव्या होत्या. त्यांतील एक शिलालेख स्मुर्णा येथील आहे. प्रकटीकरण २:८-११ मध्ये ज्या नगराच्या मंडळीला पत्र आहे व जेथील यहूद्यांविषयी अत्यंत कडक शब्द आहेत, तेच हे नगर. तेथील रुफिना नावाची यहूदी स्त्री स्वतःला सभास्थानाची अधिकारी म्हणवते, आणि आपण मुक्त केलेल्या दासांसाठी व घरात वाढलेल्या दासांसाठी ही कबर बांधली, दुसऱ्या कोणास येथे पुरण्याचा अधिकार नाही, तसे केल्यास दंड भरावा लागेल, आणि या लेखाची एक प्रत सार्वजनिक दफ्तरात ठेवली आहे, असे दगडावर नमूद करून ठेवते.